फाट्याचं गणित

माझ्या मामांचं शेत संग्रामपूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या उत्तरेला. विहिरीला पाणी बारमाही. पण त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि नवखा पाहुणा पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करतो. बुलढाण्यात घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन जिल्हे एका नकाशात नांदतात. घाटाखालच्याचा मोठा भाग हा खारपाणपट्टा. अमरावतीकडून अकोला, बुलढाणा करत जळगावच्या हद्दीपर्यंत तो पूर्णेच्या दोन्ही अंगांनी पसरला आहे. नदीनं आणून टाकलेल्या गाळाचा जाड थर, त्यात बारीक चिकणमाती, निचरा नावाला आणि खाली साठलेले क्षार. अशा पाण्यावर पीक घेतलं की त्यातलं सोडियम मातीचे कण फुगवतं, जमीन चोपण होते आणि मग वरून पडलेला गोड पाऊसही आत मुरत नाही, तुंबून राहतो. म्हणून विहीर भरलेली आणि शेत कोरडवाहू.

‘‘इहिरीत पानी हाये, घागरीत नाही,’’ मामा म्हणतात.

घागरीतलं पाणी येतं सातपुड्याच्या पायथ्यावरून. अकोला जिल्ह्यातल्या वान धरणातून जळगाव जामोद आणि संग्रामपूर या तालुक्यांसाठी १४० गाव पाणीपुरवठा योजना आखली गेली. एका दिवाळीत ओसरीवर बसलेलो असताना मामांनी विचारलं, ‘‘भाच्या, १४० गावं जोडाची होती तं त्या माणसानं कागदावर पयली रेघ कोठून मारली असंन?’’

मी खामगावचा. शिकलो संगणक, पोट भरतो पुण्यात. प्रश्न माझ्या धंद्यातला होता, उत्तर मात्र मला नीट देता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या ओसरीवरचं उशिरा दिलेलं उत्तर समजा.

आधी सोपा भाग. समजा अट अशी की पाइप एका गावातून निघून थेट दुसऱ्या गावातच जाईल, अधेमधे कुठे फुटणार नाही. कमीत कमी पाइपमध्ये सगळी गावं जोडायची. यासाठी डोकं फोडायची गरज नाही. सगळ्यांत जवळची दोन गावं जोडा. मग उरलेल्या अंतरांतलं सगळ्यांत लहान. पुन्हा पुढचं. फक्त वर्तुळ होईल अशी जोडणी टाळा. एवढा अधाशी नियम पाळून शेवटी जो आराखडा हाती येतो, त्याहून आखूड आराखडा असूच शकत नाही आणि हे सिद्ध करता येतं. १९२६ साली ओतकार बोरुव्का या चेक गणितज्ञानं असा प्रश्न पहिल्यांदा सोडवला. निमित्त होतं दक्षिण मोराव्हियातल्या गावांना वीज पोचवण्याचं. संगणक नव्हता, तरी पद्धत अशी होती की आजचा साधा मोबाइल १४० गावांचा हिशोब डोळ्याचं पातं लवायच्या आत करील.

आता अट सैल करू या. पाइपला वाटेत फाटा फोडायची परवानगी.

फाटा म्हणजे काय हे वऱ्हाडात कुणाला सांगावं लागत नाही. एसटीच्या पाटीवर गावाचं नाव असतं, पण गाडी उतरवते फाट्यावर. तिथे एक चहाची टपरी, एक पंक्चरवाला, एक लिंबाचं झाड, आणि गाव तीन किलोमीटर आत. फाट्यावर कुणी राहत नाही, तरी सगळे रस्ते तिथून जातात. तीन गावं एकमेकांपासून दहा-दहा किलोमीटरवर असतील तर गावाला गाव जोडून २० किलोमीटर पाइप लागतो. मधोमध रानात एक फाटा काढला आणि तिथून तिघांकडे पाइप नेले तर साधारण १७.३ किलोमीटरमध्ये भागतं. कुणाचंही घर नसलेल्या जागेनं पावणेतीन किलोमीटर वाचवले.

अट सैल केली म्हणजे काम सोपं व्हायला हवं, असं आपल्याला वाटतं. झालं उलटंच. फाटे कुठे काढायचे हे ठरवायचं आहे आणि नकाशावर फाटा होऊ शकतील अशा ६० जागा आहेत, असं धरा. प्रत्येक जागा घ्यायची किंवा सोडायची. एकदा निवड झाली की पुढचं काम बोरुव्काचं, म्हणजे चुटकीसरशी. पण निवडी किती? २ चा ६० वा घात. सेकंदाला शंभर कोटी निवडी तपासणारं यंत्र दिलं तरी सुमारे ३६ वर्षं लागतील. आणखी दहा जागा वाढवल्या की हजारपट, म्हणजे ३७ हजार वर्षं. शंभर जागा झाल्या तर विश्वाचं आजवरचं वय दोन-तीन हजार वेळा उलटून जाईल.

पर्यायांची संख्या अशी उधळते हे आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एक गणित आहे. विष्णूच्या चार हातांतली चार आयुधं आलटून पालटून किती मूर्ती होतील? २४. आणि दहा हातांच्या शंभूच्या? ३६ लाख २८ हजार ८००. हात अडीचपट, मूर्ती दीड लाखपट. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानं मठ काढला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे, शके ११२८ चा. बुलढाण्याच्या शेजारचा जिल्हा.

पण पर्याय पुष्कळ असणं म्हणजे प्रश्न कठीण असणं नव्हे. गाव ते गाव जोडायचे पर्याय तर याहूनही जास्त आहेत, तरी अधाशी नियम त्यातून नेमका हिरा उचलतो. मग फाट्याच्या प्रश्नात असा एखादा नियम दडलेलाच नाही, की आपल्याला अजून सापडला नाही? कम्प्युटेशनल कॉम्प्लेक्सिटी नावाच्या विषयाचा जीव या प्रश्नात आहे. मराठीत त्याला ‘संगणनाची जटिलता’ म्हणतात म्हणे. मला जटा आठवतात. मी आपलं ‘कठीणपणाचं शास्त्र’ म्हणेन.

या शास्त्राचं नाव १९६५ साली हार्टमानिस आणि स्टर्न्स यांच्या निबंधानं रूढ केलं. १९७१ साली अमेरिकेत ओहायोतल्या एका परिषदेत स्टीफन कुक यांनी दाखवलं की, उत्तर पुढ्यात ठेवल्यावर पटकन तपासता येतं अशा सगळ्या प्रश्नांचा कठीणपणा एकाच प्रश्नात कोंबता येतो. सोव्हिएत रशियात लिओनिद लेव्हिन स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोचले. पुढच्याच वर्षी रिचर्ड कार्प यांनी असे २१ प्रश्न एका माळेत ओवले. त्यात आपला फाट्याचा प्रश्न आहे. श्टायनर वृक्ष या नावानं. माळेचा गुण असा की एक मणी सुटला तर सगळे सुटतात. कुणी ‘३०० किलोमीटरमध्ये बसवलंय’ म्हणून आराखडा पुढे केला तर तो खरा की खोटा हे पाच मिनिटांत बेरीज करून सांगता येतं. तपासायला सोपं ते शोधायलाही सोपं असतं का? असतं असं कुणी सिद्ध केलेलं नाही, नसतं असंही नाही. २००० साली क्ले संस्थेनं यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं. ते अजून तसंच पडून आहे.

कठीणपणाच्या शास्त्राची माणसं भेटतात ती परिषदांमध्ये. जगात निव्वळ या विषयाला वाहिलेली वार्षिक परिषद १९८६ साली बर्कलीत सुरू झाली. भारतात त्याआधीच, १९८१ च्या डिसेंबरात बंगळूरला, सैद्धांतिक संगणकशास्त्राची परिषद सुरू झाली होती. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाचं लघुरूप एफएसटीटीसीएस; जीभ अडखळते, पण त्यातले लोक सहज बोलतात. दर डिसेंबरात ती कुठेतरी भरते. १९८७ आणि १९८८ अशी सलग दोन वर्षं ती पुण्यात झाली. २०१९ च्या डिसेंबरात, ११ ते १३ तारखांना, ती पवईच्या आयआयटीत होती, ३९ वी. मी मागच्या बाकावर श्रोता म्हणून जाऊन बसलो होतो.

ज्यांनी साहित्य संमेलन पाहिलंय त्यांची इथे निराशा होईल. मंडप नाही, दिंडी नाही, स्वागताध्यक्षांचं भाषण नाही. दोन दालनं: एकात अल्गोरिदम आणि कठीणपणा, दुसऱ्यात तर्कशास्त्र आणि स्वयंचल यंत्रं. जगभरातून आलेल्या निबंधांची आधीच चाळणी झालेली. विशीतला एखादा विद्यार्थी उभा राहतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत सांगतो, अमुक गोष्ट तमुक इतक्या पायऱ्यांपेक्षा कमीत होणारच नाही. पहिली पाच मिनिटं मला कळायची. मग चिन्हांचा पाऊस. बाहेर चहापाशी मात्र तीच माणसं कागदी कपाच्या बुडावर आकृत्या काढून भांडत होती, तेव्हा बरंच उमगलं. भांडण कशावर? ‘‘हे होत नाही’’ यावर. इतर परिषदांत लोक काय जमलं ते सांगतात, इथे काय जमणं शक्य नाही ते सिद्ध करून टाळ्या घेतात. बाहेरच्या माणसाला हा रिकामटेकडेपणा वाटू शकतो. मला तो फार प्रामाणिक वाटला.

या शास्त्रात मराठी माणसाचं नाव घ्यायचं तर पहिलं सुभाष खोत यांचं. इचलकरंजीचे. मागांच्या खडखडाटातलं गाव, तिथल्याच शाळेत शिकून १९९५ साली आयआयटीच्या प्रवेश परीक्षेत देशात पहिले. पवई, मग प्रिन्स्टन. तिथे त्यांचे मार्गदर्शक संजीव अरोरा.

अरोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ च्या सुमारास एक अजब गोष्ट सिद्ध केली होती. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आपण सैलपणे वापरतो. त्यांनी ती प्रमेय म्हणून उभी केली. कोणतीही लांबलचक सिद्धता अशा रीतीनं पुन्हा लिहिता येते की, तपासनिसानं तिच्यातली मोजकी अक्षरं कुठूनही उचलून पाहिली तरी चूक असल्यास ती बहुधा सापडेल. पातेलं केवढंही असो, शितं ठरावीकच. यातून हे निघालं की कित्येक प्रश्नांची अचूक उत्तरंच नव्हे, जवळपासची उत्तरं काढणंही तितकंच कठीण आहे.

पण ‘जवळपास’ म्हणजे नेमकं किती? खोतांचा २००२ सालचा अंदाज इथे येतो. तेव्हा ते विद्यार्थी होते. इंग्रजीत ‘युनिक गेम्स’ म्हणून गाजलेला हा अंदाज मी मामांना पाणीवाटपातून सांगितला. प्रत्येक गावाला पाण्याचा एक वार द्यायचा. शेजारच्या दोन-दोन गावांमध्ये करार: ‘तुमच्यानंतर दोन दिवसांनी आमचं’, ‘तुमच्या आदल्या दिवशी आमचं’. सगळे करार एकमेकांशी जुळणारे असतील तर काम पोरखेळ. एका गावाला सोमवार द्या, पुढच्यांचे वार आपोआप पडत जातात. आता शंभरातला एखादा करार फसवा आहे असं धरा. म्हणजे असं एक वाटप नक्की आहे ज्यात ९९ टक्के करार पाळले जातील, पण फसवा कुठला हे माहीत नाही. खोत म्हणतात, वार सातच न ठेवता पुरेसे जास्त घेतले तर अशा गावांचा समूह आणि ज्यात काही केल्या एक टक्काही करार पाळता येणार नाहीत असा समूह, या दोघांत फरक करणंसुद्धा संगणकाच्या आवाक्याबाहेर आहे.

मामा थोडा वेळ गप्प बसले. ‘‘आमच्या सोसायटीतनी असंच हाये,’’ एवढंच म्हणाले.

खोतांचा अंदाज अजून सिद्ध नाही, खोटाही ठरलेला नाही. पण तो खरा धरला की शेकडो प्रश्नांत ‘याहून जवळ जाता येणार नाही’ अशी रेघ अचूक मारता येते. एक उदाहरण पुरे. गावातल्या प्रत्येक गल्लीच्या निदान एका टोकाला दिवा हवा, दिवे कमीत कमी. सोपा उपाय: अंधारी गल्ली दिसली की तिच्या दोन्ही टोकांना दिवा लावा आणि पुढे चला. फार तर दुप्पट दिवे लागतील. इतका ढोबळ उपाय, पोरानं सुचवावा असा! खोत आणि ओडेड रेगेव्ह यांनी २००३ साली कठीणपणाच्याच परिषदेत दाखवलं की तो अंदाज खरा असेल तर या दुपटीहून चांगली हमी कुणालाच देता येणार नाही. २०१४ साली सोलच्या जागतिक गणित परिषदेत खोतांना नेव्हानलिना पुरस्कार मिळाला. २०१८ साली त्यांनी मिन्झर आणि साफ्रा यांच्यासह अंदाजाच्या निम्म्या वाटेपर्यंत नेणारं प्रमेय पुरं केलं.

नूतन लिमये यांचं नाव आपल्याकडे कमी ऐकलं जातं, ते ऐकलं जायला हवं. त्या पवईला प्राध्यापक होत्या, आता कोपनहेगनला आहेत. श्रीकांत श्रीनिवासन आणि सेबास्तियाँ ताव्हना यांच्यासह त्यांनी २०२१ साली बीजगणिती मंडलांबद्दल, म्हणजे फक्त बेरीज-गुणाकारांच्या मोजक्या थरांनी केलेल्या गणनांबद्दल, असा निकाल लावला की ज्याची वाट या विषयातले लोक कित्येक वर्षं पाहत होते. त्या वर्षीच्या फॉक्स या मोठ्या परिषदेत तो सर्वोत्तम निबंधांत निवडला गेला.

आता ज्यांच्यामुळे हा लेख बुलढाण्यात लिहिला जातोय त्यांच्याकडे येतो.

शाळेत नाही तर अकरावी-बारावीत आपण निश्चयक काढतो, इंग्रजीत डिटर्मिनंट. आकड्यांचा चौकोन, काही गुणाकार अधिक, काही उणे. शंभर ओळींचा चौकोन असला तरी संगणक तो झटक्यात काढतो. आता त्याच सूत्रातली सगळी उणे चिन्हं अधिक करा. वजाबाकी गेली, काम सोपं व्हायला हवं! १९७९ साली लेस्ली व्हॅलियंट यांनी दाखवलं की हा नवा आकडा, पर्मनंट, काढणं कमालीचं कठीण आहे. पुन्हा तेच: अट सैल केली आणि गाडी रुतली. या दोन भावंडांतला फरक भूमितीनं पकडायचा आणि त्या वाटेनं दहा लाख डॉलरच्या प्रश्नाकडे जायचं, असा एक महत्त्वाकांक्षी कार्यक्रम केतन मुलमुले आणि मिलिंद सोहोनी यांनी मांडला. पहिला निबंध २००१ चा. त्यातलं गणित इतकं खोल की जगभरात त्यावर स्वतंत्र पंथ उभा राहिला. २०१६ साली इतर तिघांनी त्यातली एक सरळ दिसणारी वाट बंद असल्याचं सिद्ध केलं, तरी पंथ चालूच आहे.

मुलमुले शिकागोला. सोहोनी पवईतच राहिले, संगणकशास्त्राचे प्राध्यापक, आणि वळले ‘सितारा’कडे. ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान शोधणारं आयआयटीतलं ते केंद्र. कर्जतच्या डोंगरातल्या पाड्यांचं पिण्याचं पाणी, एसटीच्या फेऱ्या, नळयोजना. देशातल्या उत्तम डोक्यांचं शिक्षण आणि देशाची रोजची गरज यांचा सांधा कसा निखळला आहे यावर त्यांनी २०१२ साली ‘करंट सायन्स’मध्ये कडक लिहिलं. पुढे राज्य शासनानं जागतिक बँकेच्या कर्जातून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आणला. लोकांच्या तोंडी ‘पोकरा’. मराठवाडा, विदर्भातले सहा जिल्हे आणि जळगाव मिळून तेव्हा १५ जिल्हे, पाच हजारांवर गावं. त्यात बुलढाणा आणि पूर्णेचा खारपाणपट्टा. गावागावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायची रीत पवईच्या या मंडळींनी बांधून दिली.

ताळेबंद म्हणजे वाण्याच्या वहीसारखाच. जमा बाजूला पाऊस. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. हजार हेक्टरांच्या गावावर ७०० मिलिमीटर पडला तर ७० लाख घनमीटर, जलसंधारणवाल्यांच्या भाषेत सात हजार टीसीएम. खर्च बाजूला रोजच्या रोज: किती वाहून गेलं, किती मातीत राहिलं, पिकानं किती प्यालं, किती खाली मुरलं. माती किती खोल, उतार कसा, पीक कोणतं यावर प्रत्येक आकडा बदलतो. मग दिसतं की ऑगस्टात पावसानं दडी मारली तर कुठल्या शिवारातलं सोयाबीन किती तहानेलं राहील आणि वाहून जाणाऱ्यातलं किती अडवता येईल.

पर्मनंटच्या मानानं हे गणित सोपं आहे. बेरीज-वजाबाकी आहे, संगणक ती झटक्यात उरकतो. मला तिथेच ठेच लागली. फाट्याचा प्रश्न, ज्याला शास्त्र कठीण म्हणतं, तो व्यवहारात फारसा अडत नाही. पाइप रस्त्यांच्या जाळ्यावरूनच न्यायचे म्हटलं तरी इटली-स्वित्झर्लंडकडच्या चार संशोधकांनी २०१० साली अशी पद्धत दिली की खर्च सर्वोत्तमाच्या १.३९ पटीपलीकडे जात नाही, आणि १४० गावांचं खरं उदाहरण आजचे संगणक बहुधा अचूकच सोडवतील. नळयोजना कुठलीही असो, ती अडते ती शेपटाकडच्या गावात दाब पोचत नाही म्हणून, पंपाच्या वीजबिलावर, फुटलेल्या व्हॉल्व्हवर. ताळेबंद अडतो पहिल्याच रकान्यावर: पाऊस किती पडला? सगळं शास्त्र ज्याला सोपं म्हणतं तो आकडाच कुणी नीट घेतलेला नसतो. या कठीणपणाचे निबंध कुठल्या परिषदेत वाचतात, मला माहीत नाही. सोहोनींसारख्या माणसानं दोन्ही कठीणपणांत आयुष्याची वर्षं घातली, याचं मला पवईच्या त्या दालनात बसल्यापासून कुतूहल आहे.

पावसाचा आकडा येतो महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरून. आमच्या मंडळाचं यंत्र मामांच्या शेतापासून बरंच दूर. वऱ्हाडातला पाऊस एका धुऱ्यावर पडतो आणि दुसऱ्यावर नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. मागच्या दिवाळीत हे सगळं मी मामांना सांगितलं, वार आणि करारांसकट. त्यांनी ऐकून घेतलं, पण आवडली त्यांना एकच गोष्ट: सरळ कडांचा कुठलाही डबा उघड्यावर ठेवला आणि त्यात साठलेलं पाणी पट्टीनं मोजलं तर तेवढाच पाऊस पडला म्हणायचं, डब्याचं तोंड केवढंही असो. ‘‘म्हंजे कढईभर आन् डबाभर सारकंच?’’ त्यांनी दोनदा विचारून घेतलं. कढईच्या कडा सरळ नसतात, म्हणून तिला बाद केलं.

या पावसाळ्यात वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा त्यांच्या अंगणात, तुळशीपासून चार हात दूर, विटांच्या आधारानं उभा आहे. शेजारी नातवाची प्लास्टिकची पट्टी. परवा गेलो तेव्हा भिंतीवरचं कालनिर्णय पाहिलं. दुधाचे हिशोब नेहमी असतात त्या जागी पेन्सिलीनं आकडे होते. १४ जुलैच्या चौकोनात ३१. त्याखाली, जरा बारीक अक्षरात: मंडळ ०.